मबरूकाचं सहावं बोट

आठ दिवस खपून काढलेलं चित्र हमदीने टपालाच्या तिकिटाएवढं केलं, दुसऱ्या तीस व्हिडिओ खेळांच्या चित्रांमध्ये बसवलं, त्याचा छापील कागद इब्तिहालपुढे ठेवला आणि म्हणाला, "शोध."

तिला स्वतःचंच चित्र सापडेना. जैतुनाची बाग, बागेवर तुटून पडलेले लोखंडी टोळ, त्यांना एकटी भिडलेली नायिका, मागे मावळतीचं आभाळ, एवढं सगळं तिने जीव ओतून रंगवलं होतं. आता त्याचा तांबूस डाग झाला होता. तोच कागद घेऊन हमदी खालच्या कॅफेत गेला आणि पत्ते खेळणाऱ्यांना विचारलं, यातलं कुठलं उघडून बघाल? सगळ्यांची बोटं भलतीकडेच. एका म्हाताऱ्याने मात्र चष्मा वर करून इब्तिहालचं चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "इथे ओज्जा सांडलाय का कुणाचा?"

"अंड्या-टोमॅटोचं कालवण म्हणाला," वर येऊन हमदी म्हणाला. "चार वर्षं खेळ बांधलाय मी."

"सगळं दिसलं पाहिजे असं तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. गाढव होतो."

दोघं कला महाविद्यालयापासूनचे दोस्त. स्फाक्स शहरात ग्रेम्दा रस्त्यावर, टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं काम चाले. खेळ चालवायचा हमदीने, रंगवायचा इब्तिहालने. खेळाचं नाव 'गर्न', म्हणजे शिंग. जैतुन तोडणाऱ्या बायका पूर्वी तीन बोटांत बकऱ्याची शिंगं घालून फांद्या ओरबाडायच्या. खेळातली नायिका त्याच शिंगांनी टोळांचा फडशा पाडते. तिच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत, कारण हमदीच्या आईच्या डाव्या हाताला सहा आहेत.

डागाच्या दुसऱ्या दिवशी इब्तिहालने सगळं पुसलं. बाग गेली, टोळ गेले, नायिकेचा चेहराही गेला. राहिला एक हात. बघणाऱ्याच्या तोंडावर येणारा, पंजा फाकलेला, काळाकुट्ट, मागे पिवळंधमक आभाळ. तिकिटाएवढा केला तरी हात हातच दिसेल, हे तिला कळलं होतं. पण मनाने काढलेला हात लाकडी वाटत होता. ती उठली आणि थेट हमदीच्या आईकडे, मबरूकाच्या घरी गेली.

मबरूका गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि डावा हात ओढणीखाली सारला.

"दुसरं काही काढ ना, पोरी. माझं नाक चांगलं आहे."

"मावशी, नाकाने टोळ मरत नाहीत."

मबरूका हसली, पण हात बाहेर काढायला तिला वेळ लागला. लग्नात मेंदी लावताना या हाताला फडकं गुंडाळून ठेवलं होतं, तिने सांगितलं. सासू दर ईदला विषय काढायची, अर्ध्या तासाचं काम आहे, डॉक्टरकडून कापून आण. "मी म्हणायची, हो, जाईन. आणि जायची नाही. बागेत त्याच बोटात मी चौथं शिंग घालायची ना! माझी टोपली सगळ्यांच्या आधी भरायची. ते बोट कसं कापू?"

मग ती उन्हात उभी राहिली आणि पंजा फाकून म्हणाली, "अशी? का अजून रागाने?"

"अजून रागाने. सासू समोर आहे असं समजा."

त्या दुपारी इब्तिहालने अकरा रेखाटनं केली. पुढच्या आठवड्यात चित्र पुरं झालं, तेव्हा हमदीने आईला खोलीवर आणलं. मबरूकाने पडद्यावरचा स्वतःचा हात पाहिला आणि करंगळीशेजारच्या सहाव्या बोटाला काचेवरूनच हात लावला. मग म्हणाली, "शेजारच्या रशीदाला दाखवलं तर चालेल का?" संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने पाहिलं.

आणि चित्र चाललं. आधी दिवसाला चारपाच लोक खेळाचं इंटरनेटवरचं पान उघडायचे. आता शेकड्यांनी उघडू लागले. खेळ आला की कळवा म्हणून नावं नोंदवू लागले. चौदा तारखेला सुरू होणाऱ्या ऑनलाइन जत्रेत नव्या खेळांच्या रांगेत 'गर्न'ला जागा मिळाली. हमदीने खोलीत नाचून घेतलं, खालून टायरवाला ओरडला, "छत पाडतोस काय रे?"

जत्रेला सहा दिवस उरले असताना कुणीतरी पानाखाली लिहिलं: "बोटं मोजा. सहा. एआयने काढलेलं चित्र आहे, त्याला बोटं जमत नाहीत. यांनी तपासलंसुद्धा नाही."

इब्तिहालला आधी हसू आलं. तिने उत्तर दिलं की नायिकेला सहाच बोटं आहेत, चित्र मी हाताने काढलंय. तासाभरात खाली चाळीस जण जमले. चोर. फुकटे. खऱ्या चित्रकारांच्या पोटावर पाय देणारे. तिने रेखाटनं टाकली, तारखांसकट. "रेखाटनंही एआय काढतं," एकाने लिहिलं. तिने रंग कसा चढत गेला त्याची चित्रफीत टाकली. "तीही बनवता येते," दुसऱ्याने लिहिलं. चाचणीसाठी खेळ आधीच खेळताना ज्यांना प्रत्यक्ष सहा बोटं दिसली होती अशा दोघातिघांनी बाजू घेतली, तर ते पैसे घेऊन बोलतात असं ठरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. आणि हात तर तिचा नव्हताच, दुसऱ्याचा मागून आणलेला.

"माझ्या हाताचा फोटो लाव," मबरूका हमदीला म्हणाली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"नको आई. लोक घाण बोलतात."

"काय बोलतील? माझ्या सासूपेक्षा वाईट?"

तिने स्वतःच ओढणी सावरली आणि खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवला, ओळखपत्राच्या फोटोला बसावं तशी. चेहराही येऊ दे म्हणाली, म्हणजे खरं वाटेल. फोटो लागला. अर्ध्या तासाने पहिलं उत्तर आलं: "म्हातारीही एआय. डोळे बघा, मेलेले आहेत."

ते वाचून हमदी जिन्यात जाऊन बसला. इब्तिहालने फोटो काढून टाकला. तोवर तो कितीतरी ठिकाणी पोचला होता, वर लाल गोल काढून, बोटावर बाण मारून.

चौथ्या दिवशी जत्रेवाल्यांचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं. तुम्ही खोटे आहात असं आम्ही म्हणत नाही, पण तक्रारी फार आहेत. वादाचं कारण ठरलेलं चित्र उद्यापर्यंत बदललं तर जागा राहील.

"हातमोजा घालूया," इब्तिहाल म्हणाली.

तिने घालून पाहिला. तिकिटाएवढा केल्यावर तो बॉक्सिंगचा ठोसा दिसला. मूठ वळवून पाहिली, बटाटा झाला. नायिकेचा चेहरा आणून पाहिला, तर आजूबाजूच्या तीस चेहऱ्यांत हरवला. दिवस मावळत आला होता. हमदी खिडकीपाशी उभा होता, तिच्याकडे पाठ करून.

"काढून टाक ते बोट," तो म्हणाला.

"तू काढ."

"मला येत नाही, इब्तिहाल. आलं असतं तरी..."

तिने काढलं. पिवळं आभाळ थोडं आत ओढायचं, कडा नीट करायची, एवढंच. दहा मिनिटंही लागली नाहीत. पाच बोटांचा हात तसाच जोरकस दिसत होता, हेच तिला सोसवेना.

जत्रा छान गेली. पाच बोटांवर कुणी अवाक्षर काढलं नाही. नावं नोंदवणारे वाढतच गेले. जत्रा संपल्यावर इब्तिहालने हमदीला न विचारता जुनं चित्र परत लावलं. दोन तासांत कुणीतरी लिहिलं, "पुन्हा सुरू झाले बघा." तिने ते पुन्हा उतरवलं. नोव्हेंबरात खेळ आला. खेळणाऱ्यांना आवडला, पुढचा खेळ बांधायला हमदीला उसंत मिळेल इतपत विकलाही गेला. काहींनी चूक म्हणून कळवलं की बाहेरच्या चित्रात पाच बोटं आहेत आणि आत सहा, एकदा काय ते नक्की करा. हमदीने त्यांना उत्तरं दिली नाहीत.

एका शुक्रवारी मबरूकाने इब्तिहालला जेवायला बोलावलं. ती जायला घाबरत होती, पण न जाणं त्याहून वाईट झालं असतं. माशाचा कुसकुस होता, वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांवर मासा. मबरूकाने तिच्या पुढ्यात सगळ्यात मोठा तुकडा सरकवला.

"रशीदाच्या मुलीने दाखवलं मला फोनवर," मबरूका म्हणाली. "मी म्हटलं, हा पाच बोटांचा हात माझा नाही. दुसऱ्या कुणाचा असेल."

"तुमचाच आहे, मावशी. म्हणजे... होता."

"लोक मानेनात म्हणून?"

"हो. तुमचा फोटो लावला तरी मानेनात."

मबरूकाने थोडा विचार केला. "आणि मी स्वतः येऊन दाखवला असता तर?"

इब्तिहालने उचललेला घास परत ताटात ठेवला. कुठे येऊन? त्या लोकांना गाव नव्हतं, दार नव्हतं, जिथे जाऊन ही बाई उभी राहिली असती.

"कुणाला दाखवणार, मावशी?"

"हं," मबरूका म्हणाली. "तेही खरंच."

माफी मागायची म्हणून इब्तिहाल रस्ताभर वाक्यं जुळवत आली होती. आता त्यांतलं एकही ओठावर येईना. आणि आलं असतं तरी मागायची कशाची? तिने मान खाली घालून माशाचे काटे वेगळे करायला घेतले. मबरूकाने लिंबू पिळून दिलं, मग उठली आणि हमदी अजून का आला नाही ते बघायला गच्चीच्या कठड्याकडे गेली.