युस्तिनाच्या मुलीचं नाव

माझी भावजय युस्तिना पोटुशी होती तेव्हा तिच्या मनातलं नाव काढून घ्यायला मी काय काय नाही केलं! कोबी आंबवायला घालताना विचारलं, गाईची धार काढताना विचारलं. एकदा तर खसखशीच्या केकचा तुकडा तिच्या नाकासमोर नाचवला. बाई ढिम्म.

"वन्सं, केक द्या नाहीतर गाईला घाला," ती म्हणाली. "बाप्तिस्म्याआधी नाव सांगत नसतात. वाईट कानांवर पडतं."

"म्हणजे माझे कान वाईट?"

"कान चांगलेत हो तुमचे. तोंडाचीच भीती वाटते."

माझी आई चुलीपाशी बसून खुदकन हसली. आमच्या बूग नदीकाठच्या सगळ्याच बायका हे पाळायच्या. पाद्रीबाबांपुढे उभं राहीपर्यंत नाव पोटात ठेवायचं. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता त्या चालीचा विषय निघाला तरी माझं डोकं फिरतं.

मुलगी फेब्रुवारीत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुठीएवढी पोर. पाठोपाठ युस्तिनाला ताप भरला आणि ती बरळायला लागली. माझा भाऊ वालेंती बर्फगाडी जुंपून डॉक्टरला आणायला गेला, आणि मागून असं वादळ सुटलं की अंगणातली विहीर दिसेना. दुपारी पोरीचे ओठ निळे पडले.

आईने तिला उचललं आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"पाणी आण. चर्चमधून मंतरून आणलेली मेणबत्ती लाव."

"पाद्रीबाबांना बोलवू ना!"

"ते येईस्तोवर ही राहतेय होय? बिनबाप्तिस्म्याची गेली तर दफनभूमीत जागा न देता कुंपणापाशी पुरतील हिला. अशा वेळी घरातलं कोणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं. आण म्हणते ना! आणि तिला नाव विचार."

मी युस्तिनाचे खांदे गदागदा हलवले. "युस्तिना! अगं, नाव सांग! पोरीचं नाव काय?"

तिने डोळे उघडले. मला ओळखलं. आणि हसली हो ती! तिला वाटलं, माझा जुनाच चाळा सुरू झालाय. तिने मान हलवली आणि ओठ गच्च मिटून घेतले.

"चेष्टा नाही करत गं बाई!" मी किंचाळले. पण ती पुन्हा तापात बुडाली.

आईने थांबायचं तरी किती? तिने पोरीच्या कपाळावर पाणी ओतलं. "बोगुमिवा, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

ते माझ्या आजीचं नाव. देवाला प्रिय, असा त्याचा अर्थ. आमच्या घराण्यात त्या नावाच्या जेवढ्या झाल्या, सगळ्या दात पडेपर्यंत जगल्या. दोन लढाया आणि एक आग बघून आजी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. आईकडे त्या दुपारी त्याहून मोठं औषध नव्हतं.

"आवडतीला कोणी नेतं का?" ती मला म्हणाली.

दिवस मावळायच्या आत पोरगी गेली. आवडती म्हणे! एवढी आवडत होती तर चार दिवस आमच्यापाशी राहू द्यायची होती. मी हे चर्चमध्ये गुडघे टेकूनसुद्धा म्हटलंय, त्याला ऐकू जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पोहोचला. युस्तिना वाचली, पण पुन्हा तिची कूस उजवली नाही. ती उठून बसायला लागल्यावर आईने तिचा हात धरून सांगितलं, "तशीच नाही गेली गं ती. नाव दिलंय. बोगुमिवा."

"ते तुमच्या आईचं नाव," युस्तिना म्हणाली. "माझ्या मुलीचं नाही."

वालेंती पाद्रीबाबांकडे जाऊन आला. एकदा दिलेलं नाव मागे घेता येत नाही, असं ते म्हणाले. क्रुसावर बोगुमिवाच कोरलं. आई मरेपर्यंत त्या क्रुसाकडे बघून रडली. युस्तिनाच्या तोंडून मात्र ते नाव मी कधी ऐकलं नाही. दर नोव्हेंबरात आम्ही मृतांच्या सणाला दिवे घेऊन जातो. ती वाकून दिवा ठेवते, तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही.

आता घरात आम्ही दोघीच उरलोय. यंदा दफनभूमीतून परतताना मला राहवलं नाही. "युस्तिना, आता तरी सांग गं. ऐकणारं मागे राहिलंय कोण? काय नाव ठेवणार होतीस?"

ती थांबली. बोटांवर सांडलेलं मेण खरवडत राहिली. ओठ उघडले तिने, मी जवळ सरकले.

"नको वन्सं," ती म्हणाली. "तिचा बाप्तिस्मा व्हायचाय अजून."