बंबईचा पाट

मोडलेल्या पाटाचा एक तुकडा देवकाबाईंनी चुलीपाशी आडवा टाकला, पदर खोचला आणि कुऱ्हाड उचलली.

"थांब माय," श्रीधर ओसरीवरून म्हणाला. "जाळू नको तो."

कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करणारा हा त्यांचा मुलगा घरातल्या कशाबद्दल कधी बोलत नसे. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवून उठे. त्यामुळे देवकाबाईंनी कुऱ्हाड खाली ठेवली, आणि आत भांडी लावणारी सून सुमतीही दाराशी येऊन उभी राहिली.

पाट सकाळीच मोडला होता. वैशाखातल्या शेवयांचं काम चाललेलं. पाटाचं एक टोक खाटेवर, दुसरं खाली. वर बसून देवकाबाई पिठाचा गोळा तळहातांनी पुढे लोटत होत्या आणि खाली बसलेली सुमती सुटणाऱ्या शेवया हातावर झेलत होती. मध्येच कडकन आवाज झाला आणि देवकाबाई गोळ्यासकट जमिनीवर आल्या. लागलं काही नाही, पण पाट कामातून गेला. आळीतल्या साऱ्यांचे पाट एकीकडे आणि हा एकीकडे. बायका त्याला बंबईचा पाट म्हणत. कुणी मागायला आली की देवकाबाई आधी थोडा भाव खात आणि मग देत.

"नत्थू सुताराकडून दुसरा करून घेऊ," त्या म्हणाल्या. "याचं आता काय लोणचं घालतं?"

"नदीत सोडून येतो."

"काऊन? देव हाये का तो?"

श्रीधर ओसरीवरून उतरला. त्याने तुकडा उचलला, त्याला लागलेली राख झटकली आणि कडेवरून अंगठा फिरवत उभा राहिला.

"माय, हा शेवयाचा पाट नव्हता."

मग त्याने सांगितलं, तेही तुकड्याकडे बघत. तो मुंबईला गोदीच्या कचेरीत होता, तेव्हा विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने जाताना ही फळी त्याला दिली होती. लाट आली की हिच्यावर पालथं पडायचं, मग लाटच माणसाला किनाऱ्यापर्यंत आणून सोडते. दर रविवारी तो जुहूला जाई. विहिरीत पोहायला शिकलेलं इथलं, सेलूचं पोरगं, सुरुवातीला नाकातोंडात पाणी जाऊन बेजार व्हायचं. पुढे जमायला लागलं. तेवढ्यात वडील गेले. नोकरी सोडून घरी यावं लागलं. खोलीतलं सामान त्याने रेल्वेने पुढे पाठवून दिलं आणि कचेरीतलं काम दुसऱ्याच्या हाती देऊन तो मागाहून आला.

ते सामान देवकाबाईंना चांगलं आठवत होतं. गादीत गुंडाळलेली छातीइतकी उंच, गुळगुळीत फळी. त्यांचा जुना पाट आदल्या वर्षी चिरला होता, आणि श्रीधर सुट्टीवर आला तेव्हा त्यांनी त्याच्यापाशी तक्रारही केली होती. पोराने एवढं ध्यानात ठेवलं, असं त्यांनी आळीभर सांगितलं. फक्त फळीचं एक टोक वर वळलेलं होतं. तिथे शेवया अडकल्या असत्या. म्हणून श्रीधर यायच्या आत त्यांनी नत्थू सुताराला बोलावून ते टोक कापून घेतलं होतं.

"अन् ते वाकडं टोक?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यानंच ती लाटेत घुसत नाई. वरून जाते."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"मी घरी आलो अन् तू मले पाट दाखवला, त्या दिवशी बाबा गेल्यावर तू पह्यल्यांदा हासली होती."

देवकाबाई चुलीपाशीच बसून राहिल्या. त्यांना फार वाईट वाटलं. दर वैशाखात आपण त्याला मुद्दाम हाक मारून दाखवत आलो, बघ तुझ्या पाटावर कशी बारीक शेवई येते म्हणून, आणि तो दर वेळी बरी येते म्हणत आला.

ऊन उतरल्यावर श्रीधर दोन्ही तुकडे खांद्यावर टाकून बोर नदीकडे निघाला. तो नको नको म्हणत असताना देवकाबाईही मागे निघाल्या. नदी कसली, वाळू आणि धोंडे. एका डोहात तेवढं गुडघाभर पाणी उरलं होतं आणि पलीकडच्या काठाला म्हशी बसल्या होत्या.

श्रीधरने मोठा तुकडा पाण्यावर ठेवून ढकलला. तो हातभर गेला आणि थांबला. पाण्याला ओढच नव्हती. त्याने पुन्हा ढकलला, पुन्हा तेच.

"पावसाळ्यात जाईल वाहून," तो म्हणाला. "चाल माय, घरी जाऊ."

"लाट केवढी राह्यते?"

श्रीधरने हात छातीपर्यंत नेला. मग आईकडे बघून तो खाली घेतला.

देवकाबाईंनी वहाणा काठावर काढल्या, लुगडं वर खोचलं आणि त्या पाण्यात उतरल्या. तुकड्याच्या मागे जाऊन वाकल्या. दोन्ही तळहात जवळ आणून, पाटावर गोळा लोटत तसंच त्यांनी पाणी पुढे लोटलं. तुकडा हलला, थोडा वर उचलला गेला आणि पुढे सरकला. त्यांनी पुन्हा पाणी लोटलं.

श्रीधर दुसरा तुकडा हातात धरून काठावर उभा होता.

"आनखीन जोरानं, माय," तो म्हणाला.