माझा खोटा होकार

मित्रांनो, मी एक जुना डिस्क-कंट्रोलर आहे आणि मी एकदा धडधडीत खोटं बोललो. त्याची शिक्षा मात्र एका सिस्टरला होणार होती.

मी वहीच्या पानाएवढा, एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या पोटात बसलेला. माझं काम हमालाचं. वरून आलेली माहिती घ्यायची, डिस्कवर लिहायची आणि 'लिहिली' असा होकार द्यायचा. डिस्क पडली संथ, म्हणून मला थोडी मेमरी आणि एक छोटी बॅटरी दिलेली. माहिती मेमरीत घेऊन मी लगेच होकार द्यायचो आणि सवडीने ती डिस्कवर उतरवायचो. मधेच वीज गेली तर बॅटरी ती जपायची. नऊ वर्षं मी मान मोडून काम केलं. "आमचा कॉम्प्युटर वाट बघायला लावत नाही," असं डॉक्टरबाई कौतुकाने सांगायच्या आणि मी मनातून फुलायचो.

मग बॅटरी संपली. बॅटरी नसली की मी आपोआप सावध होतो, डिस्कवर लिहून झाल्याशिवाय होकार देत नाही. त्यामुळे कॉम्प्युटर रखडू लागला आणि पेशंट कुरकुरू लागले. दुरुस्तीवाल्या मामांनी येऊन माझी एक सेटिंग बदलली: बॅटरी असो वा नसो, लगेच हो म्हण. "तात्पुरतं आहे, नवी बॅटरी आली की पहिल्यासारखं करतो," असं पुटपुटत ते गेले आणि दोन वर्षं विसरले. मला कुणी विचारलं नाही. विचारून तरी काय, हुकूम मोडणं आमच्या जातीत नाही.

एका दुपारी सिस्टरने एका म्हाताऱ्या शिंप्याची नोंद केली, 'हे इंजेक्शन याला चालत नाही.' मी होकार दिला. पुढच्याच क्षणी वीज गेली आणि माझ्या मेमरीतली नोंद पुसली गेली. महिन्याभराने डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटर पाहून तेच इंजेक्शन दिलं. शिंप्याचा घसा सुजला, श्वास अडकला. मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर कसाबसा वाचला.

"सिस्टरने नोंदच केली नव्हती," असं डॉक्टरबाईंनी त्याच्या सुनेला सांगितलं.

"मी नोंद केली होती," सिस्टर म्हणत राहिली. सतरा वर्षांची तिची नोकरी टांगणीला लागली. शेवटी बाईंनी मामांना बोलावलं. कॉम्प्युटर निर्दोष निघाला, तर सिस्टरने त्याच दिवशी घरी जायचं होतं.

मामांबरोबर त्यांची भाची आली. ती कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही, म्हणून मामा तिला शंकासूर म्हणतात. तिने दवाखान्याची डिस्क काढून जपून ठेवली आणि मला कोरी डिस्क जोडली. मामांनी भल्यामोठ्या फाइली लिहून पाहिल्या, परत वाचल्या. सगळं ठीक. पुन्हा केलं, पुन्हा ठीक. दारात उभ्या सिस्टरचा चेहरा उतरत चालला होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे?

"झालं, पास आहे. आवर आता, शंकासूर."

"नाही मामा. मधे ऑपरेटिंग सिस्टिम बसलीय, ती याला सांभाळून घेते. मी थेट ड्रायव्हरमधून, म्हणजे याच्याशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून, हुकूम सोडते. बघू एकटा काय म्हणतो ते."

आता मधे कुणी नव्हतं. तिने ओळीने क्रमांक घातलेले माहितीचे तुकडे एकामागून एक माझ्याकडे धाडले. माझा प्रत्येक होकार तारेने तिच्या लॅपटॉपवर उमटत होता. मग कडक हुकूम आला: हातातलं सगळं डिस्कवर उतरव, मगच उत्तर दे. माझी मेमरी भरलेली होती, तरी सेटिंगप्रमाणे मी म्हणालो, उतरवलं. मला स्वतःची शरम वाटली. त्याच क्षणी तिने प्लग उपटला.

अंधार. परत शुद्धीवर आलो तेव्हा ती डिस्क वाचत होती.

"होकार नऊ हजार सहाशे चाळीसपर्यंत," ती म्हणाली. "डिस्कवर नऊ हजार दोनशे बारा. बाकीचे गेले. मामा, याला बॅटरी नसताना हो म्हणायला कुणी सांगितलं?"

मामांनी चष्मा काढला. गप्प राहिले असते तरी त्या दिवशी कुणाला कळलं नसतं. "मी," ते म्हणाले. "बाई, सिस्टर खरं बोलत होत्या. चूक माझी आहे."

डॉक्टरबाई खाली बघत म्हणाल्या, "सिस्टर, माझं चुकलं. उद्यापासून..."

"उद्याचं नंतर बघू," सिस्टर म्हणाली. "मी खोटारडी आहे असं तुम्ही त्या सुनेला सांगितलंत. आधी तिच्या घरी चला. मामा, तुम्हीही या."

तिघं गेली. भाचीने माझी ती सेटिंग पुसली आणि मला बाहेर काढून फडताळात ठेवलं. तिथूनच सांगतोय.

मित्रांनो, आमच्या बॅटऱ्या वेळेवर बदला. तात्पुरतं म्हणून काही केलंत तर ते लिहून ठेवा. आणि आमच्यासारखं एखादं यंत्र हो म्हणालं, एवढ्यावरून समोरच्या माणसाला खोटं ठरवू नका.