न विझलेला ठिपका

माझ्या बाबांना मदतीला बोलावू नये, हे मला चाळिशीला आल्यावर तरी कळायला हवं होतं. पण आरशाचा स्टँड डगमगत होता, संस्थेचा वेल्डर रजेवर होता आणि समिती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. काय करणार? केला फोन. बाबा पाना-पक्कड घेऊन लगेच संस्थेच्या गच्चीवर हजर.

"बॅटरी कुठंय?" पहिला प्रश्न.

"बॅटरी नाहीये, बाबा."

"मग कधी येणारेय?"

"येणारच नाहीये! सगळी करामत तीच आहे!"

बाबांचा जन्म बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर विकण्यात गेला. लाइट गेले की सगळी गल्ली अंधारात आणि आमचं घर लखलखीत. अशा वेळी ते मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसायचे. त्या माणसाला मी कितव्यांदा समजावत होते, देव जाणे. हा मोठ्या परातीसारखा आरसा. तो सगळं ऊन गोळा करून नखाएवढ्या सोलर सेलवर टाकतो. सेलच्या वायरी थेट लेझरच्या चिपला. मध्ये काही म्हणजे काही नाही. ऊन आलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटतो, ऊन गेलं की ठिपका गेला. उपग्रहात ग्रॅम-ग्रॅम वजनासाठी भांडाभांडी असते, तिथे बॅटरीचं ओझं वाचावं म्हणून हा सगळा खटाटोप. समितीला पटलं तर काम पुढे चालणार होतं. नाही पटलं तर आरसा भंगारात, आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगात हरकामी.

"आणि ढग आला तर?" बाबांनी विचारलं.

"तर विझेल."

"पाहुण्यांसमोर?"

"विझायलाच हवा, बाबा! विझला तरच कळेल ना, की उन्हावर चाललाय!"

लग्नाला बोलावून जेवण ठेवणार नाही असं मी म्हणाले असावे, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. बाबा इतक्या पटकन "बरं" म्हणाले की सावध व्हायचं असतं. मी कसली होतेय! मी खाली जाऊन भाषण पाठ करत बसले.

सकाळी ऊन छान होतं. समितीची तीन माणसं आली. त्यांच्या प्रमुख होत्या एक टोपीवाल्या बाई, अगदी मोजकं बोलणाऱ्या. आमचे सर त्यांच्या पुढे पुढे करत होते. बाबाही सकाळी पुन्हा हजर, कडेला उभे, म्हणे स्टँड हलला तर! लेझरपासून डोळे जपायला मी सगळ्यांना काळे चष्मे दिले, आरसा फिरवला, भिंतीवर ठिपका झकास उमटला. माझं निम्मं भाषण होतंय तोच सूर्यावर चांगला जाडजूड ढग आला.

"आता बघा," मी ऐटीत म्हणाले.

गच्ची काळवंडली. सेलचा मीटर धाडकन खाली आला. ठिपका मात्र जागच्या जागी, तसाच लालभडक.

"वा! ढगातसुद्धा!" सरांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. मी मात्र मीटर पुन्हा पाहिला. एका ठरावीक करंटाच्या खाली ही चिप लेझर देतच नाही. तो तिचा स्वभाव आहे, तिथे कुणाची हुशारी चालत नाही. मी बाबांकडे पाहिलं. चेहऱ्यावर तेच ते, दारात खुर्ची टाकून बसल्याचं समाधान.

मी वाकून स्टँडखाली हात घातला. टेपनं नीट चिकटवलेली बॅटरी. काय सांगू, डोक्यात अशी सणक गेली! गप्प बसले असते तर काम मंजूर होतं, सरही खूश. पण मग ते माझं काम राहिलं नसतं. मी बॅटरीची वायर हिसकून काढली. ठिपका गेला.

"अहो, हे काय करताय?" सर किंचाळले.

टोपीवाल्या बाईंनी वाकून पाहिलं. "ही बॅटरी कुणाची?"

बापाचं नाव घेऊ? आणि नाही घेतलं तर या कामाची तीन वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली असं ठरणार.

"माझी," बाबा पुढे आले. "काल संध्याकाळी लावली. तिला ठाऊक नव्हतं."

"का लावलीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "मला वाटलं, हिचं चालणार नाही."

एवढंच. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. आणि बाबा हे मला दुखवायला नाही, वाचवायला बोलत होते, म्हणजे भांडायचीही सोय नाही! सर पाहुण्यांना म्हणाले, "चला, आपण खाली चहा घेऊ."

"थांबा," बाई म्हणाल्या.

ढग सरकला. ऊन आधी पाण्याच्या टाकीवर आलं, मग आरशावर. भिंतीवर ठिपका उमटला. कुणी कशाला हात लावला नव्हता.

बाबांनी माझ्या हातातली सुटी वायर पाहिली. स्टँडखाली वाकून पाहिलं. आरशामागेही जाऊन आले. मग पुढे होऊन ते चक्क आरशासमोर, उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची सावली आरशावर पडली आणि ठिपका विझला. बाजूला झाले, ठिपका आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"बाबा, पुरे!" मी म्हणाले. त्यांना कुठलं ऐकू यायला! बाई हाताची घडी घालून भिंतीकडे बघत होत्या.

"त्यांना करू द्या," त्या म्हणाल्या.

आणखी एकदा बाजूला झाल्यावर बाबा तिथेच थांबले आणि डोळे पुसायला त्यांनी काळा चष्मा काढला.

"चष्मा!" मी ओरडले. "चष्मा घाला आधी, आंधळे व्हाल!"

"हो गं बाई," बाबा म्हणाले आणि तसेच, उघड्या डोळ्यांनी, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत राहिले.