बोटभर खळ

नॉर्मन ग्रीव्हने कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि तो बसला, तेव्हा हेटीच्या सासूबाईंनी आठवड्याच्या रेशनची सगळी साखर त्याच्या चहात ओतली. त्याचा मानच तसा होता. जर्मनांच्या कैदेतल्या जायबंदी इंग्रज सैनिकांची अदलाबदल झाली, त्यात तो सुटून लीड्सला आला होता. छावणीत तो आणि क्लिफ एकाच खोलीत होते. क्लिफ म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, हेटीचा नवरा. वसंतात तार आली होती : पळून जाताना गोळी लागून मृत्यू. पुढे एक अक्षर नाही.

सासूबाईंचा त्या तारेवर विश्वासच नव्हता. बाजारात जायचं तर दोनदा रस्ता विचारणारा पोरगा पळेल कशाला?

"पळाला, मावशी," ग्रीव्ह म्हणाला. "नकाशा होता त्याच्याकडे."

नाताळला कुठल्याशा धर्मादाय संस्थेकडून खेळांची खोकी आली होती, असं त्याने सांगितलं. पट, सोंगट्या, फासे. एका पटाच्या पुठ्ठ्यात खाच कोरून आत रेशमी नकाशा दडवलेला होता.

हेटीच्या हातातली किटली जागीच थांबली. ती कामाला होती त्या खेळांच्या कारखान्यात, कुलूपबंद खोलीत, सहा बायका हेच तर करत होत्या. खाच कोरायची, रेशमाची घडी ठेवायची, वरून छापील कागद खळ लावून चिकटवायचा. घरीही बोलायचं नाही, अशी शपथ होती. सासूबाईंचे टोमणे तिने मुकाट्याने गिळले होते : बाकीच्यांच्या सुना तोफगोळे भरतायत, आमची सोंगट्या मोजतेय. आणि प्रत्येक पट चिकटवताना तिच्या मनात एकच असायचं, हा क्लिफच्या हाती पडो. पडला होता! आनंदाने तिचा ऊर भरून आला आणि त्या आनंदाची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

"पण घडी चिकटली होती," ग्रीव्ह सांगत होता. "खळ आत उतरली होती. सोडवताना रेशीम टरकलं. गेला तोही नेमका सरहद्दीचा तुकडा. क्लिफ म्हणाला, चालतंय, एकदा स्वित्झर्लंडात पाय पडला की झालं, तिथे युद्ध नाही. पडलाही, मावशी. पण तिथली सरहद्द मुलखाची वाकडीतिकडी. बिचारा चालत राहिला आणि पुन्हा जर्मनीतच शिरला. पहारेकरी आम्हाला हसत सांगायचे."

खाचेपासून दोन बोटं लांब खळ लावायची, हा त्या खोलीचा नियम. गेल्या वर्षी कागद सुटू लागले, जर्मनांनी पट तपासला तर बिंग फुटेल अशी भीती होती. तेव्हा तीच पुढे झाली होती. अगदी खाचेच्या काठापर्यंत लावा गं, कुंचा भरभरून लावा. सगळ्यांनी ऐकलं. मुकादमीण मिस प्रॉक्टरने तर तिचं कौतुक केलं होतं. क्लिफ सुटला होता. माझा नवरा सुटला होता आणि मी त्याला परत पाठवला. हे वाक्य तिच्या डोक्यात पुन्हापुन्हा उमटत राहिलं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी ग्रीव्हचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"हेटी, तुमच्याकडेही पटच करतात ना," त्या म्हणाल्या. "खळ अशी आत उतरते का गं? का कुण्या मेलीनं मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नसेल हो आई," हेटी कशीबशी म्हणाली. त्यापुढे तिला खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं बोलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर गेली. खळीचं भांडं तिने स्वतःकडे ओढून घेतलं आणि सगळ्याजणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून पुन्हा दोन बोटं सोडून. कागद सुटला तर सुटू दे. खळ आत उतरून नकाशा फाटतो."

"अगं, तूच तर काठापर्यंत लावायला लावलीस," मिस प्रॉक्टर म्हणाली. "आपले पट एकदा इथून गेले की गेले, उलट निरोप कधी येत नाही. तुला कुणी सांगितलं?"

हेटीचा नवरा वसंतात गेल्याचं त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"माझ्या नवऱ्यानं," हेटी म्हणाली.