सावलीत टोचलेली काठी

सात पोकळ नळ्या, त्यांच्यातून ओवलेली एक दोरी, एक टोक, एक मूठ आणि अंगावर दर सेंटिमीटरला एक रेघ. मी एक जुनी हिमशोधकाठी आहे. दोरी ओढली की माझी लांबी दोन मीटर चाळीस सेंटिमीटर होते. बर्फात शिरून त्याचे थर ओळखायचे, आणि हिमकडा कोसळून कोणी गाडले गेले तर त्याला शोधायचे, अशी माझी दोन कामे. इन्सब्रुकच्या कारखान्यातून मला बुर्गीने आणले. टायरॉलच्या डोंगरांत ती लोकांना स्कीवरून वाट दाखवते.

मित्रांनो, तिने मला जपले. तिच्या धाकट्या भावाने मात्र छळले. गेबहार्टने मला डोंगरावरच्या आपल्या विश्रामगृहात नेले, शेगडीवर आडवे टांगले आणि चार हिवाळे माझ्यावर मोजे वाळवले. माझी दोरी करपली. बुर्गीने मला परत नेले, नवी दोरी घातली आणि भावाशी बोलणे टाकले.

यंदा एप्रिलमध्ये विश्रामगृह उघडायचे होते. पलीकडच्या दरीतून दुपारी पाहुणे येणार होते. एकट्याने जायचे नाही, असे आईने बजावले, म्हणून दोघे नाइलाजाने एकत्र निघाले. रात्र ढगाळ गेली होती. अशा रात्री बर्फ नीट गोठत नाही. आणि वाट एका उभ्या उताराच्या पायथ्याच्या खोलगट भागातून जात होती.

सावलीत गेबहार्टने एक स्की काढून ठेवली आणि बुटाने बर्फावर लाथ हाणली. "दगड आहे, दगड! चल."

"बघतोस सावलीत आणि चालणार उन्हात. शहाणाच आहेस!"

"तू तुझी काठी टोच आणि गप्प बस."

बुर्गीने थोडे पुढे, उन्हात मला टोचले. वर दोन बोटे कडक पापुद्रा होता. त्याखाली भिजलेल्या साखरेतून जावे तशी मी थेट जमिनीपर्यंत घसरले.

"मधे काही धरतच नाही. मागे फिर, गेबी."

"पाहुणे बंद दाराशी उभे राहतील! हंगाम बुडाला तर खायला तू घालशील?"

"घालीन. मोज्यांचं सूप."

तो पुढे निघणार, एवढ्यात बुर्गीने त्याच्या काढलेल्या स्कीखालची केसाळ पट्टी ओरबाडली आणि आपल्या कोटात कोंबली. त्या पट्टीशिवाय चढता येत नाही.

"आता चढ!"

त्याने दिलेल्या शिव्या मी सांगणार नाही. पट्टी मिळेपर्यंत तो खाली उतरेना, त्याला सोडून ती जाईना. दोघे दोन खडकांवर तोंडे फिरवून बसले. ऊन चढले. मग धप्प असा आवाज झाला, उतार गवतापर्यंत सोलून निघाला आणि खोलगट भाग भरून गेला.

मित्रांनो, मला ओली गुंडाळू नका, शेगडीवर टांगू नका. आणि सावलीत टोचून उन्हाचा भरवसा धरू नका.

वर कोसळण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा गेबहार्टने मला बहिणीच्या हातून हिसकावले. जिथून त्यांची वाट जाणार होती तिथे ढिगात, दोन्ही हातांनी, मूठ बर्फाला टेकेपर्यंत मला खुपसले. दोन मीटर चाळीस सेंटिमीटर. तळ लागला नाही.