किनारीचा सन

सक्करदऱ्याच्या ख्रिस्ती कोष्ट्यांचा इतिहास समितीनं नाकारला, हे आधीच सांगितलेलं बरं. आता तसं काही घडलंच नाही असं धरून चालू.

१९३१ साली मिशनच्या समितीनं फर्मावलं, की जुबिलीच्या पुस्तकात प्रत्येक वस्तीचा इतिहास छापायचा, पण सनावळीसकट. सन नाही ती वस्ती पुस्तकात नाही. पाळक जागेश्वर हादरले. प्लेगात गेलेली माणसं, बायकांनी डोक्यावर विटा वाहून उभं केलेलं चर्च, सगळंच गळणार होतं. कारण वस्तीत सन कोणालाच ठाऊक नव्हते. तिथे साल ओळखायचे ते त्या साली बाजारात चाललेल्या लुगड्याच्या किनारीवरून.

"तुळजाकाकू, चर्चचं छप्पर कधी उडालं?"

"रुईफुलाच्या साली," विणकामासाठी सुताच्या कांड्या भरता भरता म्हातारी म्हणाली.

"शेजारची पंचफुला तर करवतीच्या साली म्हणते."

"तिचा सासरा मेला तवा मी करवती नेसून गेल्ती. त्यालेच इचार."

"तो मेला ना, काकू."

"मंग मले खोटी काहून पाडून राहिला गा?"

शेवटी घरोघरच्या पेट्या उघडल्या आणि चर्चमध्ये दोरीवर एकेचाळीस लुगडी सालवार लटकली. मधे एक जागा रिकामी ठेवली. प्लेगच्या साली माग बंद होते. त्या रविवारी पाळकांनी लुगड्यांमागून उपदेश केला. बोलणारा दिसत नसल्यामुळे तो लोकांना प्रथमच पटला.

मग चालू सालापासून मागे मोजणी झाली. पाळकांचा जन्म वांगी किनारीचा, म्हणजे १८९५चा निघाला. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मात्र १८९२ होतं.

"काकू, माझा बाप्तिस्मा जन्माआधी तीन वर्षं झाला."

"तुह्या मायले पयल्यापासून घाईच."

दाखला खोटा म्हणावा तर चर्च रागावणार, लुगडी खोटी म्हणावीत तर वस्ती. आणि वस्ती दारातच उभी होती. पाळकांनी अख्खा इतिहास किनारींतच लिहून पाठवला. समितीचं उत्तर आलं, पण ते घडलेलं नाही असं आपलं ठरलंय. पाळकांचंही तेच ठरलं. त्यांनी थेट सरकारला लिहिलं:

"अर्ज करण्यास कारण की, येत्या एक जानेवारीपासून मध्यप्रांत व वऱ्हाडातील सर्व दप्तरांत व रेल्वेच्या वेळापत्रकांत इसवी सन बंद करून चालू किनार लिहिण्याचा हुकूम व्हावा, एका साली दोन किनारी चालल्यास ते साल दुप्पट धरावे, आणि अर्जदाराचा जन्म मागील तारखेपासून मंजूर करण्याची मेहेरबानी व्हावी."